सेमीकंडक्टर उद्योगाचे मनुष्यबळ आणि सरकारी पैसा

चिप बनवण्याचे कारखाने आपल्या देशात उभे राहावेत म्हणून अनेक सरकारांनी गेल्या काही वर्षांत तिजोरी मोकळी केली. पण या पैशात माणसे शिकवण्याचा वाटा फारच लहान आहे. अमेरिकेच्या ज्या चिप्स कायद्यावर ९ ऑगस्ट २०२२ रोजी स्वाक्षरी झाली, त्यात ५२.७ अब्ज डॉलरची तरतूद होती. त्यांपैकी ३९ अब्ज कारखान्यांच्या अनुदानासाठी होते. नॅशनल सायन्स फाउंडेशनमार्फत चालणाऱ्या मनुष्यबळ निधीला मिळाले २० कोटी डॉलर, तेही पाच वर्षांचे मिळून. म्हणजे शंभर डॉलरमागे चाळीस सेंटही नाहीत. भारताचा सेमिकॉन इंडिया कार्यक्रम १५ डिसेंबर २०२१ रोजी मंजूर झाला तो ७६,००० कोटी रुपयांचा. त्यात संशोधन, कौशल्यविकास आणि प्रशिक्षण या तिन्हींसाठी मिळून कमाल अडीच टक्के राखून ठेवले आहेत. दोन्ही देशांत प्रशिक्षणाला इतर खात्यांतूनही पैसा मिळतो, हे खरे. तरी प्रमाणाचा अंदाज यायला हे आकडे पुरेसे आहेत.

रक्कम लहान आहे म्हणून ती वाढवा, एवढेच म्हणणे पुरेसे नाही. प्रशिक्षणावरचा सरकारी पैसा नेमक्या कोणत्या शिक्षणावर खर्च व्हावा आणि त्याच्या बदल्यात कारखान्याकडून काय घ्यावे, हा प्रश्न रकमेच्या आधीचा आहे. त्याचे उत्तर चुकले तर दुप्पट रक्कमही वाया जाईल.

त्यासाठी आधी कारखान्यात माणूस करतो काय, ते पाहावे लागते. आधुनिक चिप-कारखान्यात ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉन चकत्या, म्हणजे वेफर, पंचवीस-पंचवीसच्या बंद पेट्यांतून छताखालच्या रुळांवरून एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातात. एका वेफरवर शेकडो प्रक्रिया होतात आणि कच्च्या चकतीपासून तयार वेफरपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. या सगळ्या प्रवासात वेफरला माणसाचा हात जवळजवळ लागत नाही. त्यामुळे कारखाना स्वयंचलित आहे, माणसे नावापुरती, असा समज होतो. प्रत्यक्षात माणसांचे काम यंत्रे चालू ठेवण्याचे असते आणि ते कठीण असते. थर चढवणारी किंवा कोरणारी यंत्रे निर्वात कक्षात, प्लाझ्माच्या साहाय्याने काम करतात. ठरावीक तासांनंतर असा कक्ष उघडून साफ करावा लागतो, झिजलेले भाग आणि रबरी सील बदलावे लागतात. पुन्हा बंद केल्यावर पंपाने हवा काढून निर्वात स्थिती आणायची, बाहेरून हेलियम सोडून गळती तपासायची, मग चाचणी-वेफर घालून त्यावर धुळीचे किती कण पडले ते मोजायचे. एक सील नीट बसले नाही आणि ते वेळीच लक्षात आले नाही, तर त्या यंत्रातून गेलेल्या पेट्याच्या पेट्या भंगारात जातात. हे काम करणारा माणूस पीएचडी झालेला नसतो. तो पदविकाधारक किंवा आयटीआयमधून आलेला तंत्रज्ञ असतो आणि रात्रपाळीत अनेकदा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो.

त्यात धोकाही आहे. सिलेन वायू हवेशी संपर्क येताच पेट घेतो. आर्सिन अगदी अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल अंगावर पडले तर सुरुवातीला फारशी वेदना न होताच ते आत शिरते आणि शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करते. म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची मलमनळी हाताशी ठेवावी लागते. अशा गोष्टी फळ्यावर शिकवून येत नाहीत. त्यांचा सराव करून घ्यावा लागतो, आणि सरावाला यंत्र, जागा आणि ते काम केलेला शिक्षक लागतो.

या कौशल्यांचे ढोबळ दोन भाग पडतात. निर्वात तंत्र, उच्च वारंवारतेचा वीजपुरवठा, वायू व रसायनांची सुरक्षितता, अतिशुद्ध पाण्याची यंत्रणा, पीएलसी आणि प्रक्रियेवरचे सांख्यिकी नियंत्रण हा एक भाग. हे शिकलेला माणूस कोणत्याही चिप-कारखान्यात चालतो. बराचसा औषधनिर्मितीत, सौरपट्ट्यांच्या किंवा काचेवर थर चढवण्याच्या उद्योगातही चालतो. दुसरा भाग एका विशिष्ट यंत्राचा आणि एका विशिष्ट कंपनीच्या प्रक्रियेचा. ते ज्ञान त्या दाराबाहेर फारसे कामाचे नाही.

अर्थशास्त्रात या भेदाला जुना आधार आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात सर्वसाधारण आणि कंपनीविशिष्ट प्रशिक्षण असा फरक केला. जे कौशल्य कामगार कुठेही घेऊन जाऊ शकतो, त्यावर कंपनी स्वतःचा पैसा घालणार नाही, कारण शिकलेला माणूस शेजारचा कारखाना उचलणार. ज्या कौशल्याचा उपयोग फक्त तिलाच आहे, त्यावर मात्र ती खर्च करील. पुढे डॅरन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफन पिश्के यांनी दाखवले की, प्रत्यक्ष श्रमबाजार इतका मोकळा नसतो आणि म्हणूनच जर्मनीतल्या कंपन्या शिकाऊ उमेदवारांच्या सर्वसाधारण शिक्षणावरही खर्च करतात. हा अपवाद महत्त्वाचा असला तरी नव्याने वसणाऱ्या चिप-पट्ट्यांना तो फारसा लागू पडत नाही. भारतातले नवे चिप-प्रकल्प जिथे येत आहेत, ती साणंद आणि धोलेरा ही ठिकाणे गुजरातच्या एकाच टापूत आहेत. तिथे एका कारखान्याने शिकवलेला तंत्रज्ञ दुसऱ्याला हवाच असणार. म्हणून सर्वसाधारण भागाचा खर्च सरकारने उचलावा, याला भक्कम कारण आहे. कंपनीविशिष्ट भागाचा खर्च सरकारने उचलावा, याला मात्र कोणतेच कारण सापडत नाही. विशेषतः जिच्या भांडवलाचा मोठा हिस्सा आधीच सरकारने दिला आहे, अशा कंपनीसाठी.

सरकारी पैशाने माणसे शिकवून हा उद्योग उभा राहिल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तैवानचे आहे. तिथला क्रम उलटा होता: माणसे आधी, कारखाना नंतर. फेब्रुवारी १९७४ मध्ये तैपेईतल्या सोयादुधाच्या एका उपाहारगृहात आर्थिक व्यवहार मंत्री सून युन-स्वान आणि अमेरिकेच्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेतले पान वेन-युआन यांच्यासह काही जणांची न्याहारीची बैठक झाली आणि एकात्मिक मंडलांचे तंत्र परदेशातून आणायचे ठरले. त्यासाठी साधारण एक कोटी डॉलरचा खर्च अपेक्षित होता. १९७६ मध्ये सरकारी संशोधनसंस्था इट्री आणि आरसीए यांच्यात करार झाला. त्यात तंत्राच्या परवान्याइतकेच वजन प्रशिक्षणाला होते. तरुण अभियंत्यांच्या तुकड्या आरसीएच्या कारखान्यांत गेल्या. काही जण ओहायो राज्यातल्या फिंडले इथल्या उत्पादन-कारखान्यात राहिले. त्यांची विभागणी आराखडा, प्रक्रिया, चाचणी आणि यंत्रसामग्री अशी केली होती. म्हणजे यंत्र चालते ठेवणे हा शिकण्याचा स्वतंत्र विषय होता, अभियंत्याच्या शिक्षणातली तळटीप नव्हती. परतल्यावर त्यांनी इट्रीच्या नमुना-कारखान्यात काम सुरू केले आणि तिथल्या चांगल्या चिपांचे प्रमाण लवकरच आरसीएच्याही पुढे गेले. त्याच गटातून १९८० मध्ये यूएमसी ही चिप-कंपनी निघाली, १९८७ मध्ये टीएसएमसी या दुसऱ्या चिप-कंपनीला तयार माणसे मिळाली, आणि मीडियाटेकचे संस्थापक त्साई मिंग-काय हेही त्याच तुकड्यांपैकी एक. आरसीएने तैवानला दिलेले तंत्र त्या काळीही मागास होते. टिकले ते शिकण्याचे वळण.

यातली एक गोष्ट सहसा निसटते. ही माणसे कोणत्याही खासगी कंपनीची नव्हती. त्यांच्यावर झालेला खर्च सार्वजनिक होता, त्यांनी शिकलेले ज्ञान सार्वजनिक संस्थेत आले आणि तिथून अनेक कंपन्यांत गेले. इट्रीची माणसे कंपन्यांनी ‘पळवली’ अशी तक्रार तैवानने केली नाही; त्यांनी बाहेर पडावे हाच तर योजनेचा हेतू होता.

अमेरिकेने चिप्स कायद्यानंतर वेगळी वाट धरली. अनुदान मागणाऱ्या प्रत्येक कंपनीने मनुष्यबळाची योजना सादर करावी, १५ कोटी डॉलरहून अधिक मागणाऱ्यांनी कामगारांच्या मुलांच्या संगोपनाची सोयही दाखवावी, अशा अटी घातल्या. दुसरी अट वरवर विषयाबाहेरची वाटते. पण बारा तासांची पाळी करणाऱ्या आईबापांना ती चांगलीच समजते. टीएसएमसीच्या ॲरिझोनातल्या प्रकल्पाला ६.६ अब्ज डॉलरचे थेट अनुदान ठरले, त्यातले ५ कोटी मनुष्यबळासाठी होते. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा सामुदायिक महाविद्यालयांनी २०२२ मध्ये दहा दिवसांचा तंत्रज्ञ-अभ्यासक्रम सुरू केला. दहा दिवसांत तंत्रज्ञ घडत नाही. फार तर क्लीनरूमचा पोशाख कसा चढवायचा आणि हे काम आपल्याला झेपेल का, एवढे कळते. तेवढ्यापुरता तो उपयोगी होता. त्याला तंत्रज्ञ-शिक्षण म्हणणे मात्र अतिशयोक्ती ठरेल.

जुलै २०२३ मध्ये टीएसएमसीचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क लिऊ यांनी ॲरिझोनातले उत्पादन २०२४ ऐवजी २०२५ वर ढकलले आणि त्याचे कारण कुशल कामगारांची कमतरता हे दिले. कंपनीने तैवानहून अनुभवी माणसे आणायचे ठरवले आणि स्थानिक बांधकाम-कामगारांच्या संघटना खवळल्या. वाद बराच गाजला, पण त्यातला तपशील झाकोळला गेला. त्या वेळी कमतरता होती ती यंत्रे बसवणाऱ्यांची: वायूच्या नळ्या जोडणारे, अतिशुद्ध पाण्याच्या वाहिन्या टाकणारे, नाजूक यंत्रांची वीजजोडणी करणारे. कारखाना सुरू झाल्यावर लागणाऱ्या तंत्रज्ञांची पाळी नंतर येते. प्रशिक्षण-योजना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र पांढऱ्या पोशाखातला तंत्रज्ञ असतो आणि त्याच्या आधी येणारा प्लंबर कागदावर उमटतच नाही. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने राज्य आणि फिनिक्स शहर यांच्या साहाय्याने इमारत-यंत्रणा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांसाठी शिकाऊ उमेदवारी सुरू केली. उशिरा असले तरी ते योग्य दिशेचे पाऊल होते.

वेळेचा प्रश्न ओहायोत आणखी उघडा पडला. इंटेलने तिथल्या प्रकल्पाबरोबर दहा वर्षांत १० कोटी डॉलरची शैक्षणिक गुंतवणूक जाहीर केली. त्यातला निम्मा भाग नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या जोडीने होता. उत्पादन २०२५ मध्ये सुरू व्हायचे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते २०३०-३१ वर ढकलले गेले. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने सुमारे १५,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केलेली होती. दुसरीकडे, अमेरिकेच्या सेमीकंडक्टर उद्योग संघटनेच्या २०२३ च्या अहवालात २०३० पर्यंत ६७,००० जागा रिकाम्या राहण्याचा धोका सांगितला होता. त्यांपैकी सुमारे २६,४०० तंत्रज्ञांच्या. दशकाच्या हिशेबात टंचाई आणि यंदाच्या हिशेबात कपात, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. पण अठरा वर्षांचा मुलगा दशकाचा हिशेब करून प्रवेश घेत नाही. अभ्यासक्रम संपेल तेव्हा दार उघडे असेल का, एवढेच तो पाहतो.

भारतात पैशाचा ओघ आराखड्याकडे, म्हणजे चिप-डिझाइनकडे, झुकलेला आहे. ‘चिप्स टू स्टार्टअप’ या कार्यक्रमाचे उद्दिष्ट पाच वर्षांत ८५,००० अभियंते घडवण्याचे. शंभरहून अधिक संस्थांना महागडी आराखडा-सॉफ्टवेअरे बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या केंद्रातून उपलब्ध होतात. योजना चांगली आहे. सॉफ्टवेअर सर्वांना वाटता येते, यंत्र येत नाही, म्हणून ती स्वस्तही आहे. पण जगातल्या चिप-डिझाइन अभियंत्यांपैकी सुमारे वीस टक्के भारतात आहेत, असे सरकारच सांगते. उणीव आहे ती दुसरीकडे. टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांचा धोलेरातला ९१,००० कोटींचा कारखाना महिन्याला ५०,००० वेफर काढणार आहे. आसामातल्या जागीरोडचा २७,००० कोटींचा जुळणी-चाचणी प्रकल्प, साणंदचे मायक्रॉन, सीजी आणि केन्स यांचे प्रकल्प, या सगळ्यांना हवी आहेत ती पाळीत यंत्राशेजारी उभी राहणारी माणसे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये एकात्मिक मंडलांच्या उत्पादनावरील पदविकेचा नमुना-अभ्यासक्रम आणला, ही योग्य सुरुवात होती. मात्र अभ्यासक्रम छापल्याने क्लीनरूम येत नाही. एखाद्या तंत्रनिकेतनात ही पदविका सुरू झाली तर शिकवणार कोण? ज्याने कधी टर्बो पंप उघडलेला नाही, तो निर्वात तंत्रावर व्याख्यान देईल आणि विद्यार्थी आकृत्या पाठ करतील. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई इथे उत्तम नॅनो-निर्मिती प्रयोगशाळा आहेत आणि देशभरच्या संशोधकांना त्या वर्षानुवर्षे खुल्या आहेत. पण त्या संशोधनाच्या जागा आहेत. तीन पाळ्यांची शिस्त, उत्पादनाचा दट्ट्या आणि बिघाडाचा हिशेब तिथे असायचे कारण नाही.

देशात सरकारच्या मालकीचा, खरे उत्पादन करणारा एक कारखाना आहे: मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी. १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८९ च्या आगीने ती उद्ध्वस्त झाली. पुन्हा उभी राहिली तेव्हा जग पुढे निघून गेले होते. आज तिथे आठ इंची वेफरवर १८० नॅनोमीटरचे तंत्र चालते. बाजाराच्या दृष्टीने ते जुने आहे, शिकण्यासाठी मुळीच नाही. कोरणीच्या यंत्राचा कक्ष उघडून साफ करण्याची पद्धत, गळती शोधण्याचे तर्कशास्त्र, आलेखावर घसरणारी प्रक्रिया वेळेवर ओळखण्याची नजर ही तिथेही तीच आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेले असल्याशिवाय मान्यता मिळत नाही; चिप-तंत्रज्ञांच्या शिक्षणाला मोहाली तसे रुग्णालय होऊ शकते. विद्यार्थ्यांनी आराखडा केलेल्या चिप तिथे बनवून मिळू लागल्या आहेत. तोच दरवाजा पदविकेच्या मुलांसाठी आणि त्याआधी त्यांच्या शिक्षकांसाठी उघडायला हवा. एक शिक्षक सहा महिने तिथे राबून परतला तर तो पुढची वीस वर्षे शिकवील; विद्यार्थ्यांच्या सहलीने तेवढे साधत नाही.

कारखान्यांकडून काय घ्यावे, याचे साधन कायद्यात आधीच आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी कामगारसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. अनुदान घेणाऱ्या चिप-कारखान्यांना वरची मर्यादा बंधनकारक करावी आणि अनुदानाचे हप्ते तिच्याशी जोडावेत. केंद्राचे अनुदान कंपनीच्या खर्चाच्या प्रमाणात टप्प्याटप्प्याने सुटत असल्याने असे जोडणे प्रशासनाला अवघड नाही. गरजेपेक्षा अधिक माणसे शिकवणे ही कंपनीची नाराजी ओढवणारी अट आहे, यात शंका नाही. पण साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाचा हिशेब पाहावा. खर्च २२,५१६ कोटी. केंद्राचे पन्नास टक्के आणि गुजरातचे वीस टक्के साहाय्य. थेट नोकऱ्यांचा अंदाज ५,०००. म्हणजे एका थेट नोकरीमागे सार्वजनिक पैसा तीन कोटींहून अधिक. रोजगार-योजना म्हणून हा व्यवहार समर्थनीय ठरत नाही. तो समर्थनीय ठरतो तो देशात न आलेले ज्ञान आणण्याची किंमत म्हणून, आणि मग ते ज्ञान कारखान्याच्या कुंपणाबाहेर येते का, हे विचारण्याचा हक्क पैसा देणाऱ्याला असतो. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना कमाल १,५०० रुपये, केंद्र देते. तीन कोटींपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

गुपिते फुटतील, हा कंपन्यांचा आक्षेप अर्धा खरा आहे. प्रक्रियेचे तपशील झाकून ठेवता येतात आणि सर्वसाधारण भाग बाहेरच शिकवला तर गुपितांचा प्रश्न आणखी कमी होतो. शिकलेली माणसे सिंगापूर किंवा ड्रेस्डेनला जातील, हा आक्षेप त्याहून गंभीर. त्यावर नोकरीचा बाँड हा उपाय कंपन्यांना सुचतो, आणि विजया बँकेच्या खटल्यात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट मुळातच बेकायदा नसल्याचे मानले. कंपनीने स्वतःच्या खर्चाने मलेशियात किंवा तैवानमध्ये पाठवून शिकवले असेल, तर वाजवी मुदतीचा बाँड समजू शकतो. सरकारी खर्चाने शिकलेल्या सर्वसाधारण कौशल्यावर खासगी बाँड लादणे म्हणजे सार्वजनिक पैशाने कंपनीसाठी माणूस बांधून ठेवणे.

महाराष्ट्राच्या अनुभवातून यातला आणखी एक धागा दिसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावऐवजी धोलेराला गेलेल्या वेदान्त-फॉक्सकॉन प्रकल्पावरून राज्यात राजकीय वादळ उठले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि तो प्रकल्प तिथेही झाला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला पनवेलचा अदानी आणि टॉवर सेमीकंडक्टर यांचा ८३,९४७ कोटींचा प्रकल्पही पुढे सरकला नाही. या वादात राज्यातली तंत्रनिकेतने कुठेच आली नाहीत. निर्वात तंत्र आणि शुद्ध-कक्षाची शिस्त शिकलेला पदविकाधारक पुणे, तारापूर, नवी मुंबई इथल्या औषध आणि यंत्र उद्योगांना आजही हवा आहे. प्रकल्प आला नाही तरी त्या शिक्षणाचा पैसा बुडत नाही. एका कंपनीच्या घोषणेवर विसंबून काढलेल्या तुकड्यांचा मात्र बुडतो, आणि सर्वसाधारण भागावर भर देण्याचे हे बेकरच्या तर्काहून वेगळे, अधिक व्यवहारी कारण आहे.

शेवटी मोजमाप. भारतातल्या कौशल्य-योजना किती जणांना प्रमाणपत्रे दिली, यावर स्वतःला जोखतात. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेवरील कॅगच्या अहवालात लाभार्थ्यांच्या बँक-खात्यांच्या असंख्य नोंदी रिकाम्या किंवा निरर्थक निघाल्या. जिथे माणूसच सापडत नाही, तिथे त्याचे कौशल्य कसे सापडणार? चिप-तंत्रज्ञांच्या बाबतीत संख्या लहान असल्याने माग ठेवणे सोपे आहे: प्रशिक्षणानंतर वर्षभराने तो त्याच प्रकारच्या कामावर आहे का, हे तपासून मगच संस्थेला शेवटचा हप्ता द्यावा. आणि या उद्योगात मंदी ठरलेली आहे. २००१, २००९, २०२३ ही अलीकडची वर्षे. मंदीत प्रवेश घटले की वर्ग बंद होतात, शिक्षक दुसरीकडे जातात आणि तेजी आल्यावर पुन्हा शून्यातून सुरुवात होते. खरे तर यंत्रे रिकामी असतात आणि अनुभवी अभियंत्यांना शिकवायला सवड असते, ती हीच वर्षे. म्हणून शिक्षकांचे वेतन आणि प्रशिक्षण-यंत्रांची देखभाल यांचा निधी विद्यार्थिसंख्येपासून तोडून, आठ-दहा वर्षांसाठी बांधून द्यायला हवा. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या सेमीकंडक्टर मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात उद्योगांच्या पुढाकाराने संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रे काढण्याचा उल्लेख आहे. अशा केंद्रातली यंत्रे कोणाच्या मालकीची राहतील, प्रवेश कोण ठरवील आणि भागीदार कंपनी निघून गेल्यावर वर्ग चालू ठेवण्याचा खर्च कोण करील, या तीन गोष्टी करारात आधीच लिहून घ्याव्या लागतील.